सर्च इंडेक्ससाठी तारखेची सॉर्ट होणारी स्ट्रिंग: क्रमवार कृती आणि नेहमीच्या चुका

तारखेवर सॉर्ट लावला की १ मे १९६० सगळ्यांत वर येतो, त्याखाली १५ ऑगस्ट १९४७ आणि तळाला २६ जानेवारी १९५०. असं होत असेल तर इंडेक्सचं (शोधासाठी संगणकाने केलेल्या सूचीचं) काही बिघडलेलं नाही. त्याला तारीख कळत नाही, अक्षरं कळतात. ‘१/५/१९६०’, ‘१५/८/१९४७’ आणि ‘२६/१/१९५०’ या तीन स्ट्रिंग (अक्षरांच्या माळा) तो डावीकडून एकेक अक्षर ताडून बघतो. पहिल्या दोघींत सुरुवातीचा ‘१’ सारखाच. पुढे एकीत तिरकी रेघ, दुसरीत ‘५’. आणि संगणकाच्या अक्षरक्रमात तिरकी रेघ अंकांच्या आधी येते.

उपाय बहुतेकांना तोंडपाठ असतो: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मध्ये काही नाही. १९४७०८१५, १९५००१२६, १९६००५०१. तरीही निकाल चुकतात, कारण ही एक ओळ लिहिण्याआधीचं काम अर्धवट राहतं आणि शोधाच्या बाजूचं काम तर पुष्कळदा सुरूच होत नाही. म्हणून खालचे टप्पे याच क्रमाने करा.

उदाहरणासाठी जुन्या मराठी नियतकालिकांचा डिजिटल संग्रह घेऊ. त्यात ६ जानेवारी १८३२ चा ‘दर्पण’चा पहिला अंक आहे, ४ जानेवारी १८८१ चा ‘केसरी’चा पहिला अंक आहे, नुसतं ‘ऑक्टोबर १९०५’ छापलेली मासिकं आहेत, आणि ‘१९०५’ यापलीकडे काहीच न सांगणाऱ्या पुस्तिकाही आहेत.

लेखातले अंक वाचायला सोयीचे म्हणून देवनागरीत आहेत. इंडेक्समध्ये जाणारे अंक मात्र इंग्रजीच हवेत. कारण टप्पा २ मध्ये.

टप्पा ०: स्ट्रिंग खरंच हवी आहे का?

तुमच्या सर्च इंजिनात तारखेचा वेगळा प्रकार असेल आणि तुमच्याकडच्या सगळ्या तारखा पूर्ण असतील, तर तोच प्रकार वापरा आणि फार तर टप्पा १, २ आणि ७ वाचा. इलॅस्टिकसर्चमध्ये तो आहे. ल्युसीन या शोध-लायब्ररीत आवृत्ती ६ पासून संख्यांच्या कक्षेत (‘इथून तिथपर्यंत’ असं) शोधण्याची चांगली सोय आहे.

स्ट्रिंग कामाला येते ती तारखा अर्धवट असतात तेव्हा. एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये तारखेचा स्वतंत्र प्रकारच नाही, तिथेही ती लागते. झॅपियन या शोध-लायब्ररीत सॉर्टसाठी ठेवलेल्या किमती मुळात स्ट्रिंगच असतात. शिवाय ‘१९०५’ या उपसर्गाने त्या वर्षाचं सगळं साहित्य एका झटक्यात उचलता येतं, ही सोय वेगळीच.

टप्पा १: कागदावरची तारीख की घड्याळातला क्षण, हे ठरवा

सगळ्यांत जास्त घोटाळे इथे होतात.

अंकावर छापलेली तारीख ही दिनदर्शिकेतली एक चौकट असते. तिला तास-मिनिटं नसतात, टाइमझोन नसतो. उलट ‘फाइल अपलोड झाली’ किंवा ‘नोंद बदलली’ हा क्षण असतो आणि त्याला टाइमझोन लागतोच. या दोघांना एकाच फंक्शनमधून पाठवलं की छापील तारखेला आपोआप मध्यरात्रीची वेळ चिकटते, मग कुठेतरी ती ग्रिनिचच्या वेळेत बदलली जाते. भारतीय वेळ साडेपाच तास पुढे असल्यामुळे १५ ऑगस्टची मध्यरात्र तिकडे १४ ऑगस्टचे संध्याकाळचे साडेसहा असतात. त्यावरून दिवसापुरती स्ट्रिंग कापली की १४ तारीख हातात येते.

ल्युसीनचं डेटटूल्स हे तारखांचं साधन ग्रिनिचच्या वेळेतच स्ट्रिंग बनवतं. जावास्क्रिप्टमध्ये स्थानिक वेळेने तारीख तयार करून तिचं आयएसओ रूप (वर्ष-महिना-दिवस असं प्रमाण रूप) मागितलं तरी हाच प्रकार. तिथे आणखी एक खोच आहे: आडव्या रेघांनी लिहिलेली ‘२०२४-०८-१५’ ही ग्रिनिचची मध्यरात्र धरली जाते, तर तिरक्या रेघांनी लिहिलेली तीच तारीख बहुतेक ठिकाणी स्थानिक मध्यरात्र धरली जाते.

जुन्या साहित्यात गंमत आणखी वाढते. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासूनची. टाइमझोनच्या प्रमाण यादीत ‘आशिया/कोलकाता’ निवडलं की त्याआधीच्या, म्हणजे १८७० ते १९०५ च्या तारखांना ५ तास २१ मिनिटं १० सेकंदांचा फरक लागतो. त्यामुळे ४ जानेवारी १८८१ ची मध्यरात्र ३ जानेवारीचे १८ वाजून ३८ मिनिटं ५० सेकंद होते. सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ या युद्धकाळात घड्याळं साडेसहा तास पुढे होती. म्हणजे ‘सरळ साडेपाच तास मिळवून टाकू’ ही दुरुस्तीही सगळीकडे चालत नाही.

नियम असा ठेवा: छापील तारखेला वेळेच्या ऑब्जेक्टमधून नेऊच नका. वर्ष, महिना आणि दिवस हे तीन आकडे वेगळे काढा आणि थेट स्ट्रिंग जोडा. नाहीतर वेळ नसलेला तारखेचा प्रकार वापरा (जावात लोकलडेट, पायथनमध्ये नुसता डेट). क्षण असेल तर ग्रिनिचच्या वेळेत पूर्ण स्ट्रिंग साठवा, आणि वाचकाला ‘दिवस’ दाखवायचा असेल तर भारतीय वेळेने काढलेला दिवस दुसऱ्या फील्डमध्ये (नोंदीतल्या रकान्यात) ठेवा.

> तपासा: १५ ऑगस्ट रात्री १२ वाजता, पहाटे ५:२९ आणि ५:३० या तीन वेळा फंक्शनमध्ये घालून बघा. पहिल्या दोघींना १४ आणि तिसरीला १५ आली, तर टाइमझोनचा गुंता तुमच्याकडे आहे.

टप्पा २: कच्चा माल निवडून घ्या

*अंक.* देवनागरी अंक युनिकोडमध्ये इंग्रजी अंकांच्या बऱ्याच पुढे आहेत. दोन्ही मिसळले की देवनागरीतल्या सगळ्या नोंदी इंग्रजीतल्या सगळ्या नोंदींनंतर येतात, मग वर्ष कुठलंही असो. पायथन वापरणाऱ्यांनी इथे जास्त जपावं. पायथन ‘१९४७’ ही देवनागरी स्ट्रिंगसुद्धा निमूटपणे संख्येत बदलून देतं आणि त्याच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधलं (मजकुराचा नमुना जुळवणाऱ्या सूत्रातलं) ‘अंक’ हे चिन्ह देवनागरी अंकांनाही जुळतं. म्हणजे ‘आठ अंक आहेत ना’ ही तुमची चाचणी पास होते आणि इंडेक्समध्ये चुकीचे अंक जाऊन बसतात. चाचणीत इंग्रजी ० ते ९ हीच अक्षरं चालतील असं स्पष्ट लिहा.

*महिन्यांची नावं.* फेब्रुवारी-फेब्रुआरी, सप्टेंबर-सप्टेम्बर, डिसेंबर-डिसेम्बर ही रूपं डोळ्यांना दिसतात तरी. ‘ऑगस्ट’ आणि ‘ऑक्टोबर’ हे खरे दगाबाज. ‘ऑ’ हे एक अक्षर म्हणून टंकता येतं, आणि ‘आ’ वर वेगळा अर्धचंद्र देऊनही. पडद्यावर दोन्ही जवळपास सारखीच दिसतात, संगणकाला वेगळी. नावांची यादी करताना दोन्ही रूपं घाला. जुनी फाइल युनिकोडपूर्व फाँटमधली असेल तर आधी ती युनिकोडमध्ये आणा. तोवर तारखांना हातच लावू नका.

*एक्सेल.* संग्रहांच्या याद्या बहुधा याच्यातूनच येतात. संगणक अमेरिकी मांडणीवर असेल तर ५/८/२०२४ ही ५ ऑगस्टऐवजी ८ मे समजली जाते, आणि १५/८/२०२४ मधला पंधरावा महिना सापडत नाही म्हणून ती तशीच मजकूर म्हणून पडून राहते. एकाच स्तंभात काही तारखा उजवीकडे चिकटलेल्या आणि काही डावीकडे दिसल्या की समजा, घोळ झाला आहे. उजवीकडच्या ‘तारखां’पैकी कोणत्या उलटल्या हे फाइलवरून कळत नाही, मूळ नोंदच बघावी लागते. आणखी एक: एक्सेलच्या तारखा १९०० पासून सुरू होतात. त्यामुळे १८८१ ची तारीख त्याच्या लेखी मजकूरच आणि १९०५ ची तारीख. दोन्ही एकाच सूत्राने बदलायला गेलात तर एक फसणार.

*दोन अंकी वर्ष.* ‘२६/१/५०’ याचं पायथन २०५० करतं. जावाचं जुनं सिम्पलडेटफॉरमॅट चालू दिवसापासून ८० वर्षं मागे आणि २० वर्षं पुढे अशी खिडकी धरतं, म्हणून आज ते १९५० म्हणतं आणि काही वर्षांनी तेही २०५० म्हणू लागेल. शतक तुम्हीच लिहा.

*शके.* चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत शकात ७८ मिळवायचे, जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९. पण ‘पौष, शके १८२७’ एवढंच छापलेलं असेल तर पौष डिसेंबरातही असतो आणि जानेवारीतही, आणि अचूक दिवस पंचांग बघितल्याशिवाय निघत नाही. तिथीवरून आपोआप तारीख काढणारा कोड स्वतः लिहू नका. राजपत्रावरची शके तारीख मात्र वेगळ्या जातीची आहे: ती २२ मार्च १९५७ पासून लागू झालेल्या राष्ट्रीय सौर दिनदर्शिकेची असते आणि गणिताने सरळ बदलते. ‘श्रावण २४, शके १९४६’ म्हणजे १५ ऑगस्ट २०२४. तो श्रावण आणि पंचांगातला श्रावण एक नव्हे, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

संग्रहात शिवकालीन साधनं असतील तर आणखी एक निर्णय घ्यावा लागेल. राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीख जुन्या ज्युलियन पद्धतीची आहे. ग्रेगोरियन धरली तर १६ जून. दोन्ही पद्धती एका फील्डमध्ये मिसळू नका.

> सावधान: मूळ छापील तारीख जशीच्या तशी एका वेगळ्या फील्डमध्ये जपून ठेवा. पुढे शंका आली की परत जायला तोच एक रस्ता असतो.

टप्पा ३: बारकावा किती हवा?

वाचक दिवसाने शोधणार असेल तर दिवसावर थांबा. मिलिसेकंदापर्यंत स्ट्रिंग बनवली तर जवळपास प्रत्येक नोंदीला वेगळा शब्द तयार होतो आणि शब्दसूची उगाच फुगते.

जुन्या ल्युसीनमध्ये याची सजा लगेच मिळायची. कक्षेतला प्रत्येक वेगळा शब्द शोधात एक कलम म्हणून उलगडला जाई आणि कलमांची मर्यादा १०२४ होती. मिनिटापर्यंतची स्ट्रिंग असेल तर एका दिवसातच १४४० शब्द होऊ शकतात. दिवसापर्यंतची असली तरी रोज निघणाऱ्या दैनिकाची तीन वर्षं त्या मर्यादेबाहेर जातात. आता इंजिन असं कोसळत नाही, पण जुनी प्रणाली सांभाळत असाल तर ‘कलमं फार झाली’ या चुकीचं मूळ इथे शोधा.

टप्पा ४: स्ट्रिंग बनवा

रूप: चार अंकी वर्ष, दोन अंकी महिना, दोन अंकी दिवस. क्षण असेल तर पुढे दोन-दोन अंकी तास, मिनिटं, सेकंद. मोकळ्या जागी शून्य भरलंच पाहिजे. शून्य न भरता ‘२०२४१११’ केलंत तर ते ११ जानेवारी की १ नोव्हेंबर हे तुम्हालाही सांगता येणार नाही.

जावा आणि तिच्यासारख्या पद्धतींत स्ट्रिंगचा साचा इंग्रजी अक्षरांनी सांगतात (वर्षासाठी वाय, महिन्यासाठी एम), आणि अक्षरांच्या लहान-मोठेपणाने अर्थ बदलतो. यातल्या चार चुका पुन्हा पुन्हा दिसतात.

१. वर्षासाठी कॅपिटल वाय. हे आठवड्यांच्या हिशोबाचं वर्ष आहे. ३० डिसेंबर २०२४ हा दिवस २०२५ च्या पहिल्या आठवड्यात पडतो, म्हणून स्ट्रिंग २०२५१२३० होते. वर्षाच्या टोकाचे मोजके दिवस सोडले तर ही चूक दिसतच नाही. म्हणूनच ती जानेवारीत सापडते. स्मॉल वाय वापरा.

२. महिन्यासाठी स्मॉल एम. ती मिनिटं आहेत. नुसत्या तारखांत सगळ्यांचा महिना ‘००’ आला की हेच झालेलं असतं.

३. दिवसासाठी कॅपिटल डी. तो वर्षातला कितवा दिवस ते सांगतो. १५ ऑगस्ट २०२४ साठी २२८.

४. तासासाठी स्मॉल एच. ते बारा तासांचं घड्याळ आहे, दुपारचे तीन आणि पहाटेचे तीन एकच होतात.

लोकेलही (भाषा-प्रदेशाची सेटिंग) स्पष्ट द्या. मराठी लोकेलवर चालणारा अँड्रॉइड फोन किंवा ब्राउझर तारीख देवनागरी अंकांत लिहून देतो. वाचकासाठी ते छानच, इंडेक्ससाठी घातक. जावात ‘रूट’ लोकेल वापरा. तिथे सिम्पलडेटफॉरमॅटचा एकच ऑब्जेक्ट अनेक थ्रेडमध्ये (एकाच वेळी चालणाऱ्या कामांत) वाटून घेऊ नका. ओझं वाढलं की तो मधूनच भलत्या तारखा देतो आणि चाचणीत कधीच पकडला जात नाही. जावास्क्रिप्टमध्ये महिने शून्यापासून मोजले जातात, ऑगस्ट म्हणजे ७.

> सावधान: ही स्ट्रिंग फक्त क्रम लावण्यासाठी आहे, वजाबाकीसाठी नाही. २०२४०३०१ मधून २०२४०२२९ वजा केले की ७२ येतात. खरं अंतर एका दिवसाचं.

टप्पा ५: अर्धवट तारखा

इथे थोडं थांबा, कारण ‘जेवढं माहीत तेवढं लिहू’ हा सरळ वाटणारा मार्ग निम्म्यावर बरोबर चालतो आणि म्हणूनच फसवतो.

समजा तीन नोंदी आहेत: ‘१९०५’, ‘१९०५०१’ आणि ‘१९०५१०’. वाचकाने १९०५०१०१ ते १९०५१२३१ अशी कक्षा मागितली. ऑक्टोबरचा अंक सापडतो. जानेवारीचा सापडत नाही, कारण ‘१९०५०१’ ही ‘१९०५०१०१’ ची सुरुवातच आहे आणि आखूड स्ट्रिंग लांब स्ट्रिंगच्या आधी येते. म्हणजे ती कक्षेच्या खाली राहिली. नुसतं ‘१९०५’ही त्याच कारणाने बाहेर. अकरा महिन्यांचे अंक सापडतात, एकाच महिन्याचे गायब होतात, आणि कारण चटकन कुणाच्या लक्षात येत नाही.

काहीजण १ जानेवारी भरून टाकतात. मग वर्षापुरती माहिती असलेल्या सगळ्या पुस्तिका १ जानेवारीला प्रकाशित झाल्यासारख्या दिसतात. संग्रहाच्या दृष्टीने ही खोटी नोंद आहे. ‘००’ भरणं त्यातल्या त्यात बरं: ‘१९०५१०००’ सॉर्टला १ ऑक्टोबरच्या आधी येतं आणि खोटं बोलत नाही. पण कुठल्याही तारीख-वाचकातून पुन्हा नेलं की ते अडतं.

माझ्या मते दोन फील्ड ठेवणंच खरं. ‘ऑक्टोबर १९०५’ साठी आरंभ १९०५१००१ आणि अखेर १९०५१०३१. ‘१९०५’ साठी आरंभ १९०५०१०१ आणि अखेर १९०५१२३१. पूर्ण तारखेसाठी दोन्ही एकच. तिसऱ्या फील्डमध्ये ‘दिवस’, ‘महिना’ की ‘वर्ष’ एवढी नेमकेपणाची पातळी लिहा, म्हणजे पडद्यावर ‘१ जानेवारी १९०५’ न दाखवता ‘१९०५’ दाखवता येतं. शोधताना अट अशी: नोंदीचा आरंभ मागितलेल्या शेवटापर्यंत असावा आणि नोंदीची अखेर मागितलेल्या सुरुवातीच्या आधीची नसावी.

तारीख मुळीच नसेल तर फील्ड रिकामं सोडा, म्हणजे घालूच नका. रिकामी स्ट्रिंग घातलीत तर ती सगळ्यांच्या वर जाऊन बसते. तारीख नसलेल्या नोंदी शेवटी ठेवण्याची सोय सोलर या सर्च इंजिनातही आहे आणि इलॅस्टिकसर्चमध्येही.

टप्पा ६: फील्ड आधी घोषित करा

या फील्डवर शब्द तोडणारा ॲनालायझर चालता कामा नये. ‘२०२४-०८-१५’ प्रमाणित ॲनालायझरमधून गेलं की त्याचे तीन तुकडे होतात आणि सॉर्टची वाट लागते. मध्ये रेघा न ठेवण्याचं एक कारण हेच. इलॅस्टिकसर्चमध्ये ‘कीवर्ड’, सोलरमध्ये ‘स्ट्रिंग’, ल्युसीनमध्ये न तोडलेलं स्ट्रिंगफील्ड आणि सॉर्टसाठी सोबत डॉक व्हॅल्यूज (नोंदवार साठवलेल्या किमती).

पहिली नोंद जाण्याआधी मॅपिंग (कोणतं फील्ड कोणत्या प्रकारचं ही यादी) द्या. इलॅस्टिकसर्चला अंदाज करायला सोडलं तर रेघांची तारीख तो तारीख-प्रकारात टाकतो, आणि अवतरणचिन्हांशिवाय पाठवलेले आठ अंक पूर्णांक समजतो.

टप्पा ७: शोधाची बाजू

शोधचौकटीत आलेली तारीख इंडेक्स करताना वापरलेल्या त्याच फंक्शनमधून जाऊ द्या. दोन वेगळी फंक्शनं लिहिली की कधीतरी त्यातलं एकच दुरुस्त होतं. वाचक ‘१५/०८/१९४७’ देवनागरीत लिहील, तेही चाललं पाहिजे.

वरची मर्यादा जपून द्या. इंडेक्समध्ये क्षणांच्या चौदा अंकी स्ट्रिंग असतील आणि तुम्ही ‘२०२४०८१५ पर्यंत’ असं मागितलंत, तर १५ तारखेचं काहीच येत नाही. त्या दिवसाची प्रत्येक चौदा अंकी स्ट्रिंग त्या आठ अंकी मर्यादेपेक्षा मोठी ठरते. ‘२०२४०८१५ पासून, २०२४०८१६ च्या आधीपर्यंत’ असं मागा. दिवसभराचा शेवट म्हणून २३५९५९ चिकटवण्यापेक्षा हे निर्धोक आहे, कारण पुढे मिलिसेकंद आले तरी मोडत नाही. क्षणांच्या फील्डवर भारतीय दिवस मागायचा असेल तर दोन्ही टोकं आधी ग्रिनिचच्या वेळेत बदला: आदल्या दिवसाचे १८:३० ते त्या दिवसाचे १८:३०.

टप्पा ८: चाचणी आणि अदलाबदल

पूर्ण संग्रह चढवण्याआधी या तारखा फंक्शनमधून काढा: ६ जानेवारी १८३२, ४ जानेवारी १८८१, २९ फेब्रुवारी १९०० (ही नाकारली गेली पाहिजे), २९ फेब्रुवारी २००० (ही स्वीकारली गेली पाहिजे), ३० डिसेंबर २०२४, ५ ऑगस्ट आणि ८ मे. संगणक बहुधा १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजतो. १८३२ आणि १८८१ या त्यापूर्वीच्या असल्याने ऋण सेकंद न झेपणारी जुनी साधनं इथेच उघडी पडतात.

नंतर इंडेक्समधल्या सगळ्या स्ट्रिंग काढून बघा. लांबी एकच आहे का? पहिले दोन अंक १८, १९ किंवा २० सोडून दुसरे काही आहेत का? १९७००१०१ किंवा १९०००१०१ वर संशयास्पद गर्दी आहे का? तसं असेल तर कुणीतरी न कळलेल्या तारखेला डिफॉल्ट किंमत दिली आहे. महिन्याची पहिली तारीख इतर दिवसांपेक्षा फारच जास्त वेळा येत असेल तर टप्पा ५ कुणीतरी गाळला.

चुका सापडल्यावर चालू फील्डमध्येच नवं रूप भरायला सुरुवात करू नका. जुनी आणि नवी रूपं एकत्र असताना सॉर्ट आणि कक्षा दोन्ही अर्धवट चुकतात, आणि कोणती नोंद कोणत्या रूपातली हे निवडणं मूळ कामापेक्षा जड जातं. नव्या नावाचं फील्ड घ्या, सगळ्या नोंदी पुन्हा इंडेक्स करा, दोन्हींतल्या भरलेल्या नोंदींची संख्या जुळवा, मग शोध नव्या फील्डकडे वळवा. जुनं फील्ड पुढच्या बॅकअपनंतर काढलं तरी चालेल.